गोव्याची १८८८ ची रेल्वे: फायदा नेमका कुणाचा झाला?

रुळांशेजारी:
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, शाळेत "भारतीय रेल्वे आणि देशाची प्रगती" असा प्रोजेक्ट दिलाय. पुस्तकात होतं ते सगळं तिने लिहून काढलं, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. आणि सगळं लिहून झाल्यावर मला विचारते, पप्पा, आपल्या घरामागची लाईन कधी आली? आम्ही कुडचड्याला राहतो, सावर्डे स्टेशन घरापासून चालत दहा मिनिटं, रात्री मालगाडी गेली की कपाटातले पेले वाजतात, आणि मला एवढंच ठाऊक की पोर्तुगीजांच्या काळात आली.

मग जरा शोधाशोध केली. १८८७ ला मुरगाव ते सावर्डे गाडी सुरू झाली आणि १८८८ ला पुढे घाट चढून कॅसलरॉकपर्यंत. म्हणजे मुंबईच्या पहिल्या गाडीनंतर पस्तीस वर्षांत गोव्यात बंदर आणि रेल्वे दोन्ही होतं. आता माझा प्रश्न असा की सगळीकडे लिहिलेलं असतं रेल्वे आली आणि व्यापार वाढला, उद्योग आले, शहरं वाढली. मग गोव्यात १९६१ च्या मुक्तीपर्यंत त्र्याहत्तर वर्षं लाईन होती तरी कारखानदारी का दिसत नाही, आणि आपली माणसं पोटासाठी मुंबईला, आफ्रिकेला का गेली? मुलीला काय सांगू? कुणी नीट समजावून सांगेल तर बरं होईल.

आगरातला:
छान प्रश्न विचारलात, आणि त्याहून छान प्रश्न मुलीने विचारला. मी आगरवाड्याकडचा, आमच्या घरात मिठागर होतं, त्यामुळे ही रेल्वे आमच्याकडे रुळांच्या आधी मिठातून आली. जमेल तसं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

२६ डिसेंबर १८७८ ला इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. इथली पोर्तुगीज तिजोरी तेव्हा खडखडीत, त्यांना मुरगावला बंदर आणि तिथून देशावर जाणारी रेल्वे पाहिजे होती म्हणजे चार पैसे येतील. इंग्रजांना दोन गोष्टी पाहिजे होत्या. एक, धारवाड-हुबळीकडचा कापूस समुद्रापर्यंत जवळच्या वाटेने न्यायचा. हुबळीहून मुरगाव साधारण दोनशे किलोमीटर, मुंबई रेल्वेने त्याच्या तिपटीहून जास्त. आणि दुसरी गोष्ट मीठ. ब्रिटिश हद्दीत मिठावर जबर कर होता, गोव्यातलं मीठ स्वस्त, ते बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर जायचं आणि त्यांचा कर बुडायचा. तर करारात काय ठरलं, दोन्ही मुलखांची जकात एक करायची, गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हातात द्यायचा, आणि त्याबद्दल इंग्रजांनी पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये द्यायचे. ती रक्कम रेल्वेच्या व्याजाच्या हमीकडे वळली.

म्हणजे बघा, मिठागरवाल्याचं मीठ बांधून टाकलं आणि त्याच्या मोबदल्यात आलेल्या पैशावर रूळ उभे राहिले. काही आगरं बंद पडली, चालू राहिली त्यांच्यावर परवाने आणि पहारे. ज्या गोव्यात मीठ पिकतं त्याच गोव्यातल्या माणसाला ते महाग घ्यावं लागलं. आमच्या घरात हे अजून सांगतात. ताडी-माडीचंही तसंच, अबकारीचे नवे नियम आले आणि रेंदेर लोकांना, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्यांना, ते फार जाचले.

आता हमी म्हणजे काय ते मुलीला नीट समजावून सांगा, कारण देशभरच्या रेल्वेच्या अर्थकारणाची किल्ली तिथेच आहे. लाईन घातली ती लंडनमधल्या एका कंपनीने, १८८१ ची कंपनी, नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्च्युगीज गॅरंटीड रेल्वे, म्हणजे नावातच गॅरंटी. कंपनीने भांडवल घातलं की त्यावर ठरलेलं व्याज मिळणार, गाडी रिकामी धावली तरी मिळणार, आणि कमाई कमी पडली तर फरक सरकारने भरायचा. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या कंपन्यांनाही असंच ५ टक्के बांधून दिलेलं होतं. दादाभाई नवरोजी, रमेशचंद्र दत्त यांनी यावर एवढं लिहिलं ते त्यामुळेच, की जोखीम इथल्या रयतेची आणि नफा तिकडच्या भागधारकांचा. खर्च वाढला तरी कंपनीला चटका नाही, मग हात आखडता कोण घेणार.

आणि करार लागू झाला १८८० मध्ये, तोही फक्त १२ वर्षांसाठी. १८९२ मध्ये तो संपला, पुन्हा झाला नाही. जकात परत वेगळी झाली, घाटाच्या वर कॅसलरॉकला इंग्रजांची चौकी आणि खाली कुळ्याला पोर्तुगीजांची, प्रत्येक पेटी उघडायची. त्यातच १८९० च्या आसपास पुण्याहून हुबळी-गोवा लाईनवरच्या लोंढ्यापर्यंतची लाईन जोडली गेली होती, म्हणजे हुबळीच्या व्यापाऱ्याला डबा न बदलता पुण्यापर्यंत जायची सोय झाली आणि मुंबईचा बाजार मोठा, तिथे दलाल, तिथे बँका, तिथे मोठ्या बोटी. मुरगाव जवळ असूनही माल तिकडे ओढला गेला. लाईनचा तोटा मात्र हमीप्रमाणे भरणं चालूच राहिलं, आणि तो भरणार कोण, तर ज्यांचा त्या कापसाशी काडीचा संबंध नव्हता ते गोव्यातले करदाते.

तुमच्या कारखान्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच की ही लाईन गोव्यातल्या मालासाठी आखलेलीच नव्हती. एका टोकाला हुबळीचा कापूस, दुसऱ्या टोकाला बोट, मधला गोवा म्हणजे फक्त वाट.

बेळगावहून:
आगरातला सर, माहिती उत्तम, पण चित्र थोडं एकतर्फी वाटतं. गोव्यात भात पुरेसं पिकत नव्हतं, तांदूळ बाहेरून यायचा, तो घाटावरून बैलावर आणायचा खर्च आणि रेल्वेच्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, आणायचा खर्च यात केवढा फरक! माझे आजोबा बेळगावला भुसारी दुकानात होते, गोव्याची गिऱ्हाईकं लोंढ्यावरून यायची असं ते सांगायचे. आणि माणसं बाहेर गेली म्हणता, तर जायला वाट मिळाली म्हणून गेली की! मुंबईत आचारी, वाजंत्री, कारकून होऊन मनीऑर्डर पाठवली त्यावर गोव्यात कितीतरी घरांची चूल पेटली. त्याआधी बोट हाच रस्ता, आणि पावसाळ्यात बोट बंद. रेल्वे बारा महिने. हा फायदा नव्हे का? वास्को शहर तरी रेल्वे आणि बंदर नसतं तर उभं राहिलं असतं का?

आगरातला:
मान्य, शंभर टक्के मान्य. तांदळाचं आणि मनीऑर्डरीचं मी लिहायला हवं होतं. फक्त एक जोडतो, तीच गाडी तांदूळ आणायची आणि तीच गाडी गिरणीचं स्वस्त कापड आणायची, आणि करार संपेपर्यंत त्यावर गोव्याच्या वेशीवर जकातही नव्हती. देशभर हेच झालं. १९०० पर्यंत हिंदुस्थानात ४० हजार किलोमीटरच्या आसपास रूळ पडले होते, जगातल्या मोठ्या जाळ्यांपैकी एक, पण इंजिनं, रूळ, यंत्रं बहुतेक विलायतेतून यायची. जमालपूरला पहिलं इंजिन तयार झालं १८९९ मध्ये, आणि तरी पुढे पन्नास वर्षं ऑर्डरी तिकडेच जात राहिल्या, चित्तरंजन कारखाना १९५० चा. दुसऱ्या देशांत रेल्वेमागोमाग पोलादाचे आणि यंत्रांचे कारखाने उभे राहिले, आपल्याकडे रेल्वेमागोमाग बिल आलं. भाड्याचे दरही असे लावलेले की बंदराकडे जाणारा कच्चा माल स्वस्तात, आणि देशातल्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा तर महाग. म्हणून रूळ किती किलोमीटर हे मोजून प्रगती मोजता येत नाही असं मला मनापासून वाटतं, भाडं कोण ठरवतो ते बघा.

घाटपायथा:
मी कुळ्याचा. वडील लाईनवर गँगमन होते, काका पॉइंट्समन, मी स्वतः रिटायर होईपर्यंत याच लाईनीवर. तुम्ही सगळे करार आणि टक्के लिहिताय ते बरोबर आहे पण घाटाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

कुळे ते कॅसलरॉक साधारण २६ किलोमीटर. ब्रागांझा घाट म्हणतात. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर. आकडा लहान दिसतो पण रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर चढ आहे, सपाटीवर एक इंजिन जेवढा माल आरामात ओढतं तेवढाच माल इथून वर न्यायला पुढे इंजिनं आणि मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लावावे लागतात. कुळ्याला गाडी आली की बँकर लागणार, ब्रेक तपासणार, मगच पुढे सोनाळी, दूधसागर, करंझोळ. उतरताना तर जास्त भीती. चढताना इंजिन दमलं तर गाडी उभी राहते, उतरताना ब्रेक दमला तर उभी राहत नाही. म्हणून घाटात कॅच सायडिंग ठेवलेली असते, सुटलेली गाडी तिकडे वळवायची. पावसात तर रात्र रात्र गस्त, हातात कंदील, खांद्यावर पाना, कुठे दरड आली, कुठे रुळाखालची खडी वाहून गेली बघत चालायचं. दूधसागरच्या पुलावर पाण्याचे तुषार असे उडतात की कंदिलाची काच क्षणाक्षणाला पुसावी लागते. वडील पहाटे यायचे तेव्हा आई आधी पायाच्या जळवा काढायची, मग चहा.

हे सांगायचं कारण असं की घाट हासुद्धा पैशाचा प्रश्न आहे. जास्त इंजिनं, जास्त माणसं, कमी डबे. सपाटीवरच्या लाईनशी बरोबरी कशी करणार? आणि मीटरगेज, म्हणजे अरुंद रूळ. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत आमची लाईन मीटरगेजच होती, मिरजेहून पुढे ब्रॉडगेज आधीच झालेलं, म्हणजे मुंबईला जाणारा माणूस मिरजेला उतरणार, सामान डोक्यावर घेऊन दुसरी गाडी पकडणार. माल तर हमालांनी या वाघिणीतून काढून त्या वाघिणीत भरायचा. फुटतुट, चोरी, उशीर सगळं व्यापाऱ्याच्या माथी.

दुसरी गोष्ट १९५५ ची. भारत सरकारने पोर्तुगीजांवर दाब आणायला नाकेबंदी केली आणि ऑगस्ट १९५५ मध्ये सीमेवरून गाड्या बंद झाल्या. त्याच १५ ऑगस्टच्या सत्याग्रहात कॅसलरॉकच्या बाजूने रुळांवरून सत्याग्रही आत शिरले होते, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण वडील ती जागा दाखवायचे आणि दाखवताना डोक्यावरची टोपी काढायचे. त्यानंतर सहा वर्षं कुळ्याच्या पुढे गाडी नाही. वर डोंगरात रुळावर गवत वाढलं. आमच्या गावाचा सगळा पैसाच त्या गाडीवर होता, चहावाला, हमाल, जकातीचे कारकून, सगळे बसले. मुक्तीनंतर लाईन जुळली तेव्हा कुळ्यात इंजिनाला हार घातले असं आई सांगायची.

रुळांशेजारी:
घाटपायथा दादा, वाचून अंगावर काटा आला. हे आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. एक विचारू? ती सहा वर्षं गाडी नव्हती तर गोवा जगला कसा?

आगरातला:
खाणींवर जगला. लोहखनिज जपानला जायला १९५० च्या सुमारास सुरुवात झाली होती, नाकेबंदीच्या काळात ती निर्यात उलट वाढली आणि त्या पैशावर बोटीने माल आला. हॉलंडचे बटाटे, जपानचं सिमेंट, सिलोनचा चहा, पाकिस्तानातून तांदूळ, जुनी माणसं अजून सांगतील. आणि इथे तुमच्या मूळ प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा आहे. गोव्यातलं स्वतःचं सगळ्यात मोठं अवजड उत्पादन म्हणजे हे खनिज, ते मुख्यतः गेलं ते मांडवी-जुवारीतून बार्जने. खाणीपासून नदीपर्यंत ट्रक, नदीतून बार्ज, मुरगावला बोट. नदी फुकट, चढ नाही, बँकर नाही. कुडचडे-सावर्डे भागातून काही खनिज रेल्वेने गेलं, तुमच्या आजूबाजूचे लोक सांगतील, पण मोठा भार नदीने उचलला. मुरगावला रेल्वेने खूप खनिज आलं ते नंतर, होस्पेट-बळ्ळारीचं. म्हणजे परत तेच, वरचा माल आणि खालची बोट.

पेडण्याची_माई:
तुम्ही सगळे जुन्या लाईनीवर अडकलात, कोकण रेल्वेबद्दल कोण बोलणार? मी बोलते.

आमचं भाट, म्हणजे माडांची बाग, आणि शेत दोन्हीतून लाईन गेली. १९९० ला कॉर्पोरेशन झालं, श्रीधरन साहेब प्रमुख, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधु दंडवते अर्थमंत्री, कोकणातली पिढ्यान् पिढ्यांची मागणी एकदाची मार्गी लागली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटरच्या आसपास, ९० च्या वर बोगदे, दोन हजाराच्या आसपास पूल, खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात. भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६, बाकीचा पैसा रोखे काढून उभा केला. गोव्यात विरोध खूप झाला आणि तो विरोध उगाच नव्हता हे मी आज पण म्हणेन, खाजन जमिनीतून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातून, मातीचा भराव गेला की भरतीचं पाणी अडतं, बांध कुजतात, शेत खारं होतं, हे शेतकऱ्याला इंजिनिअरच्या आधी कळतं. लाईन आतल्या भागातून न्या अशी मागणी होती, काम थांबलं, न्यायमूर्ती ओझा यांची समिती बसली, शेवटी थोड्या बदलाने तीच आखणी राहिली.

आमच्या पेडण्याच्या बोगद्याने सगळ्यांना रडवलं. माती अशी मऊ की खणलं की परत भरायचं, कितीदा कोसळला, माणसं गेली. सगळी लाईन तयार आणि हा एक बोगदा बाकी असं झालं होतं. शेवटी १९९८ च्या जानेवारीत गाडी आरपार धावली. आणि ऑगस्ट २०२० ला परत त्याच बोगद्याची भिंत ढासळली, गाड्या फिरवून न्याव्या लागल्या. डोंगर विसरत नाही बाबा.

पण खरं सांगते, माझ्या सासूबाई मुंबईला लेकीकडे जायच्या तर दोन दिवस आधीपासून तयारी, एसटीत रात्रभर उलट्या. आता संध्याकाळी थिवीला बसायचं, सकाळी ठाण्याला लेकीच्या दारात. चवथीला मुंबईची मुलं घरी येतात, गणपतीवरची माटोळी बांधायला घरात हात असतात, हा हिशेब कुठल्या टक्क्यात मांडणार तुम्ही? मंगळूर-मुंबई रेल्वेने २,०४१ किलोमीटर पडायचं ते ९१४ वर आलं. ट्रक वाघिणीवर चढवून न्यायची रो-रो सेवा १९९९ पासून आहे, कोलाड ते वेर्णा, आमचा भाचा ट्रक चालवतो, तो म्हणतो घाटातली झोप आणि अपघाताची भीती दोन्ही वाचतात.

फक्त दोन गोष्टी मनात खुपतात. रोख्यांचं कर्ज फेडायचं म्हणून या लाईनवर अंतर ४० टक्के वाढवून धरतात आणि त्यावर भाडं लावतात. १०० किलोमीटर गेलात तर १४० चे पैसे. आगरातला भाऊ म्हणतात ना भाडं कोण ठरवतो ते बघा, ते इथेही बघा. आणि दुसरं, आमच्या दारातून भरधाव गाड्या जातात आणि पेडण्याला थांबणाऱ्या त्यातल्या थोड्याच. जमीन दिली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी असं तोंडी आश्वासन होतं, आमच्या घरात ती आली नाही. शेजारच्या दोन घरांत आली, त्यांची मुलं आज मार्गी लागली, त्यांचं बघून मला आनंदच होतो, पण आमच्या दिराचं वय निघून गेलं ते निघूनच गेलं.

रुळांशेजारी:
माई, मनापासून आभार. आता शेवटचं विचारतो, कारण हे तर आमच्या घरामागेच चाललंय. दुपदरीकरण. चांदरला नोव्हेंबर २०२० मध्ये लोक त्याच्या विरोधात रात्रभर रुळांवर बसले होते तेव्हा मीही गेलो होतो. दुसरी लाईन आली तर गाड्या वाढतील असं काही जण म्हणतात, कोळसा वाढेल असं बाकीचे. तुम्हाला काय वाटतं?

बेळगावहून:
एकेरी लाईनवर क्रॉसिंगसाठी तास तास थांबलेला माणूस दुसऱ्या लाईनला नको म्हणणार नाही. आमच्याकडे दुहेरी झाल्यावर फरक पडला.

घाटपायथा:
मी आयुष्यभर रेल्वेची भाकर खाल्ली, रेल्वेच्या विरोधात माझ्या तोंडून शब्द येणार नाही. पण घाटाबद्दल विचाराल तर सांगतो. गोव्यातल्या खाणी २०१२ ला थांबल्या, थोडं चालू होऊन २०१८ ला परत थांबल्या, मुरगावात मग कोळशावर भिस्त वाढली, आणि तो कोळसा बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. पूर्वी भरलेली गाडी घाट उतरायची, आता भरलेली गाडी घाट चढते. यात पॅसेंजर कुठे आहे? कुळ्याहून वास्कोला दिवसाला किती लोकल आहेत ते मोजा. घाटात दुसरी लाईन म्हणजे अभयारण्यात, मोले राष्ट्रीय उद्यानात परत डोंगर कापायचा. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली ते मला योग्य वाटलं. ज्या डोंगराला वडिलांनी रात्री रात्री जागून सांभाळलं तो किती हलका आहे ते मला ठाऊक आहे. खाली सावर्डे-मडगाव-वास्को पट्ट्यात लोकल वाढवायच्या असतील, कॉलेजच्या पोरांना, बाजारच्या बायकांना गाडी मिळणार असेल तर मी स्वतः हार घेऊन उभा राहीन.

आगरातला:
दादांनी बोललं तेच. मी फक्त एवढं म्हणेन की प्रोजेक्टमध्ये मुलीला एक तक्ता करायला लावा. दर मालगाडीपुढे तीन रकाने: माल कुठून आला, कुठे चालला, आणि वाटेत आपल्या गावात काय उतरलं. कापूस, खनिज, कोळसा, तिन्हींसाठी भरू दे.

रुळांशेजारी:
करते म्हणाली. कालच खिडकीत वही घेऊन बसली होती, तासाभरात दोन मालगाड्या, एक रिकामी खाली जाणारी, एक भरलेली वर जाणारी, ताडपत्रीखाली काय ते दिसलं नाही म्हणून रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलंय. घाटपायथा दादा, तिला बँकर लावताना बघायचा आहे. रविवारी कुळ्याला आणलं तर चालेल?

घाटपायथा:
आणा की. सकाळच्या पॅसेंजरने या, मी स्टेशनवर असेन. पावसाचे दिवस आहेत, तिच्या पायात बूट घाला आणि खिशात मीठ ठेवा, जळवा लागतात.